इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर बोट फिरवायची आहे? परवाना कोणता घ्यावा, पैसे कसे भरावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालव्याकाठी बोट बांधून चहा घेत बसलं की येणारा-जाणारा मराठी माणूस थांबतोच, आणि तिसऱ्या वाक्याला विचारतो, "याला लायसन्स लागतं का हो? किती पडतं?" त्या गप्पांमधले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इथली उत्तरं इंग्लंड आणि वेल्सपुरती आहेत. स्कॉटलंडचे कालवे स्कॉटिश कॅनल्सकडे आहेत आणि तिथली पद्धत वेगळी आहे. परवान्याची किंमत साधारणपणे प्रत्येक एप्रिलला बदलते, म्हणून नेमकी रक्कम भरण्याच्या दिवशीच पाहावी.

परवाना माणसाला लागतो की बोटीला?

बोटीला. आपल्या गाडीच्या रोड टॅक्सशी त्याचं नातं आहे, ड्रायव्हिंग लायसन्सशी नाही. इथल्या कालव्यांवर स्वतःची बोट हाकायला कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण पंधरा-वीस टनांचं पोलादी धूड हाताखाली असतं आणि त्याला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलट्या गिअरमध्ये टाकायचं आणि वाट बघायची. अरुंद कालव्यांवर वेग ताशी चार मैलांपुरता असतो, बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही कमी.

सक्ती नसली तरी आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन) या संस्थेचा 'इनलँड वॉटरवेज हेल्म्समन' हा छोटा कोर्स करावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. लॉक म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणारा-उतरवणारा दरवाजांचा कप्पा. त्यात पाणी उतरत असताना बोटीची मागची बाजू लॉकच्या आतल्या दगडी उंबऱ्यावर अडकली, तर बोट पुढे कलंडून पाणी आत येतं. हा धोका कोणीतरी प्रत्यक्ष दाखवला की आयुष्यभर लक्षात राहतो.

युरोपात नियम निराळे आहेत. नेदरलँड्समध्ये १५ मीटरपेक्षा लांब किंवा ताशी २० किलोमीटरहून वेगवान बोटीला चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून इथले निर्णय घेऊ नका.

परवाना नेमका कोणाकडून घ्यायचा?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण पाणी एकच दिसतं पण मालक अनेक आहेत.

सगळ्यात मोठं जाळं कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. जुलै २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाचा इंग्लंड-वेल्समधला कारभार या धर्मादाय संस्थेकडे आला. सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या तिच्या ताब्यात आहेत. ग्रँड युनियन, लीड्स अँड लिव्हरपूल, केनेट अँड एव्हन, लँगोलेन, बर्मिंगहॅमचं सगळं जाळं, लंडनचा रीजंट्स कालवा आणि ली नदीचा नौकानयनाचा मार्ग, ही सगळी त्यांचीच.

थेम्स मात्र त्यांची नाही. भरती-ओहोटी नसलेली थेम्स, म्हणजे टेडिंग्टनच्या वरची नदी, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे येते. मेडवे आणि पूर्व इंग्लंडमधल्या ग्रेट ऊझ, नेन या नद्याही त्यांच्याकडे. नॉरफोकमधल्या ब्रॉड्स या तळी-नद्यांच्या जाळ्यावर ब्रॉड्स ऑथॉरिटी टोल घेते. वे नदी नॅशनल ट्रस्टची आहे. स्ट्रॅटफर्डमधून जाणाऱ्या एव्हनवर एव्हन नेव्हिगेशन ट्रस्टचा वेगळा परवाना लागतो. मँचेस्टरजवळचा ब्रिजवॉटर कालवा खासगी कंपनीचा आहे. कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा (यापुढे नुसता 'ट्रस्ट') परवाना असलेल्या बोटी तिथे सात दिवस विनाशुल्क राहू शकतात, पण दिवसांचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

नकाशा समोर घ्या आणि पुढच्या वर्षभरात तुम्ही खरोखर कुठे जाणार त्या पाण्यावर पेन्सिल फिरवा. ती रेघ कोणाकोणाच्या हद्दीतून जाते, त्यावरून परवाना ठरतो. स्वप्नातल्या प्रवासासाठी आधीच पैसे भरू नयेत.

ट्रस्टचे परवाने किती प्रकारचे आहेत?

खासगी बोटीसाठी मुख्य दोन. पहिला 'कॅनल अँड रिव्हर' परवाना, तो ट्रस्टच्या सगळ्या पाण्यावर चालतो. दुसरा फक्त नद्यांचा. ट्रेंट, सेव्हर्न, सोर, ली, स्टॉर्ट अशा ट्रस्टच्या ताब्यातल्या नद्यांवरच राहणाऱ्यांसाठी तो आहे. त्याची किंमत पूर्ण परवान्याच्या ६० टक्के असते आणि ही मर्यादा १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याने घातलेली आहे.

नदीचा स्वस्त परवाना मोह पाडतो. पण नदीला पूर येतो, बोट चालवू नका अशा इशाऱ्याच्या लाल पाट्या लागतात, आणि आठवडेच्या आठवडे बोट जागची हलत नाही. शेजारच्या कालव्यात शिरून सुरक्षित जागी थांबायचं म्हटलं तर हा परवाना तिथे चालत नाही. ज्यांची मूरिंगची, म्हणजे बोट बांधून ठेवण्याची, जागा नदीवर पक्की आहे आणि ज्यांना तिथल्या तिथेच फिरायचं आहे, त्यांनीच तो घ्यावा.

दोन्ही परवाने बारा महिन्यांसाठी किंवा त्याहून कमी मुदतीसाठी मिळतात. ट्रेलरवर बोट आणून थोडे दिवस फिरणाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे परवानेही आहेत.

आणि गोल्ड परवाना?

ट्रस्ट आणि एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या दोघांच्या पाण्यावर चालणारा हा एकत्र परवाना आहे. ऑक्सफर्डच्या कालव्यातून थेम्सवर उतरायचं, रेडिंगला केनेटमध्ये वळायचं, असा बेत दरवर्षी असेल तर तो सोयीचा पडतो. वर्षातून एकदाच आठ-दहा दिवस थेम्सवर जाणार असाल, तर ट्रस्टचा नेहमीचा परवाना आणि थेम्सचा तेवढ्यापुरता परवाना हा हिशेब आधी करून बघा, बहुतेक वेळा तोच स्वस्त पडतो. गोल्ड परवाना कॅलेंडर वर्षाला बांधलेला असतो, त्यामुळे उन्हाळा उलटून गेल्यावर घेण्यात अर्थ नाही. त्यात वे, ब्रॉड्स किंवा स्ट्रॅटफर्डची एव्हन येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

किंमत कशावर ठरते?

चार गोष्टींवर: बोटीची लांबी, रुंदी, मुदत, आणि तुमच्या बोटीला पक्की जागा आहे की नाही.

लांबीचे पट्टे पाडलेले आहेत, जितकी लांब तितकी महाग. मध्यम आकाराच्या नॅरोबोटीचा (कालव्यांवरच्या अरुंद बोटीचा) पूर्ण वर्षाचा परवाना हजार पौंडांच्या वर जातो, हे मनात धरून चाला. जुन्या जाहिरातींत लांबी फुटांत लिहिलेली असते आणि बऱ्याचदा ठोकळ असते. टेप घेऊन स्वतः मोजा. पट्ट्याच्या सीमेवरची बोट चुकीच्या गटात गेली की दरवर्षी जादा पैसे जातात, किंवा कमी भरल्याबद्दल पत्र येतं.

रुंदीचा अधिभार नंतर आला. २.१६ मीटर म्हणजे साधारण सात फुटांपर्यंतची बोट नॅरोबोट धरली जाते. त्यापुढे ३.२४ मीटरपर्यंत एक अधिभार आणि त्याहून रुंद बोटीला आणखी जास्त.

चौथा मुद्दा सगळ्यात नवा आणि सगळ्यात वादाचा आहे. पक्की जागा नसलेल्या, सतत फिरत्या बोटींवर एप्रिल २०२४ पासून ५ टक्के अधिभार सुरू झाला आणि तो दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढून २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर नेण्याचं ट्रस्टने जाहीर केलं. ट्रस्टचं म्हणणं, ही मंडळी काठ, नळ, कचराकुंड्या यांचा वापर जास्त करतात. बोटीवर राहणारे म्हणतात, ज्यांना मूरिंग परवडत नाही त्यांच्याच खिशात हात घातला. मला दुसरी बाजू जास्त पटते. लॉकचे दरवाजे आणि पुलांची डागडुजी सगळ्यांच्याच बोटींसाठी होते, आणि वर्षभर पाण्यावर वावरणाऱ्या माणसांच्या नजरेत काठ फुटल्याचं, झाड पडल्याचं सगळ्यात आधी येतं.

सूट कशाकशाला मिळते?

विजेच्या मोटरवर चालणाऱ्या बोटीला २५ टक्के सूट आहे. ऐतिहासिक बोटींना, दुसऱ्या बोटीने ओढायच्या, इंजिन नसलेल्या जोडबोटींना आणि धर्मादाय कामासाठीच्या बोटींनाही वेगवेगळी सवलत मिळते, पण ती आपोआप लागू होत नाही. अर्ज करून पुरावा द्यावा लागतो. मुदतीआधी पूर्ण रक्कम भरणाऱ्यालाही थोडी सूट मिळत आली आहे. नूतनीकरणाच्या पत्रावर ती ओळ शोधा.

परवाना मिळण्यासाठी काय काय हातात असावं लागतं?

१९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या १७व्या कलमात अटी लिहिल्या आहेत. सुरक्षेचं प्रमाणपत्र, विमा, आणि बोट ठेवण्याची पक्की जागा किंवा सतत फिरत राहण्याची हमी. या तिन्ही अटी पूर्ण केल्या तर परवाना नाकारता येत नाही.

विमा किमान तृतीय पक्षाचा, २० लाख पौंडांच्या जबाबदारीचा हवा. बोट बुडाली, जळाली तर स्वतःचं नुकसान भरून निघावं असं वाटत असेल तर सर्वसमावेशक विमा घ्या. जुन्या पोलादी बोटीला त्यासाठी बहुधा बुडाच्या पत्र्याची जाडी मोजल्याचा अहवाल मागतात.

सुरक्षेचं प्रमाणपत्र म्हणजे बोट सेफ्टी स्कीमचं. ते चार वर्षं चालतं. परीक्षक येतो, गॅसच्या कप्प्यापासून सुरुवात करतो. सिलेंडर उभा आणि बांधलेला आहे ना, कप्प्याच्या तळाचं छिद्र मोकळं आहे ना, हे पाहतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर त्या छिद्रातून बाहेर पाण्यावर पडला पाहिजे, बोटीच्या पोटात साचता कामा नये. बबल टेस्टर (गॅसगळती दाखवणारं काचेचं छोटं उपकरण) बसवलेला असेल तर त्याचं बटण दाबून तो काचेकडे एकटक बघत बसतो. एकही बुडबुडा आला नाही की पुढे सरकतो. मग बॅटऱ्या घट्ट बांधलेल्या आहेत का, त्यांची टोकं झाकलेली आहेत का, डिझेल भरण्याच्या तोंडावर 'डिझेल' असं लिहिलंय का, हवेच्या जाळ्या रंगाने किंवा कापडाने बुजवल्या नाहीत ना, अग्निशामक नळकांडी आणि फायर ब्लँकेट हाताशी आहेत का. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. थंडीत जाळीतून वारा येतो म्हणून ती बुजवणं आणि शेगडी पेटवून झोपणं यातून माणसं गेली आहेत. हे प्रमाणपत्र केवळ परवान्यासाठी म्हणून घेऊ नका.

नव्याकोऱ्या बोटीला युरोपीय किंवा ब्रिटिश मानकांचं घोषणापत्र असेल तर पहिली चार वर्षं या तपासणीची गरज नसते.

'पक्की जागा' आणि 'सतत फिरती' यातलं काय निवडावं?

खरं तर सगळ्यात आधी हा प्रश्न सोडवायला हवा. लोक उलट करतात. आधी बोट घेतात, मग परवान्याचा अर्ज भरताना हा रकाना समोर येतो आणि घाईघाईत काहीतरी टिक करतात.

पक्की जागा म्हणजे मरिनात, काठावर किंवा एखाद्याच्या बागेच्या टोकाला तुमच्या बोटीसाठी भाड्याने घेतलेलं ठिकाण. त्याचे पैसे परवान्यापेक्षा वेगळे आणि बरेचदा परवान्यापेक्षा जास्त असतात. लंडनजवळ तर कितीतरी जास्त. ट्रस्टच्या पाण्याला जोडलेल्या बहुतेक मरिनांत बोट नुसती उभी असली तरी परवाना लागतोच.

सतत फिरती म्हणजे कायद्याच्या भाषेत, परवान्याच्या संपूर्ण काळात बोट प्रामाणिकपणे प्रवासासाठी वापरायची आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, परिस्थितीनुसार वाजवी तेवढं अधिक सोडून. कायद्यात अंतर लिहिलेलं नाही. ट्रस्टच्या मार्गदर्शनात मात्र म्हटलंय की, वर्षभरातला पल्ला २० मैलांपेक्षा कमी असेल तर त्यांचं समाधान होणं अवघड आहे. दोन पुलांमध्ये दर पंधरवड्याला पुढे-मागे करत राहणं यात बसत नाही. त्यांचे कर्मचारी काठाने फिरून बोटींचे क्रमांक नोंदवत असतात, आणि फिरणं पुरेसं नाही असं त्यांना वाटलं तर पुढच्या वेळी कमी मुदतीचाच परवाना मिळतो.

आजारपण, बाळंतपण, इंजिन बिघडणं, कालवा गोठणं किंवा बंद होणं, अशा कारणांनी जास्त दिवस थांबावं लागलं तर लगेच कळवा आणि लेखी ठेवा. अपंगत्व किंवा दीर्घ आजार असेल तर २०१० च्या समानता कायद्याखाली नियमांत वाजवी बदल मागता येतो. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

काही जण कुठेतरी दूर स्वस्त जागा कागदोपत्री घेऊन ठेवतात आणि बोट वर्षभर शहरात ठेवतात. पक्की जागा असली तरी तिच्यापासून दूर असताना काठावर थांबण्याच्या मर्यादा लागू होतातच, तेव्हा यातून फार काही साधत नाही.

लंडनचं भाडं परवडत नाही. बोट घेऊन त्यावर राहावं का?

विद्यार्थी आणि नुकते नोकरीला लागलेले हे सगळ्यात जास्त विचारतात. घाईने हो म्हणू नका, एवढंच सांगणं आहे.

दर पंधरवड्याला घर उचलून पुढच्या मुक्कामी न्यायचं. नवी जागा ऑफिसपासून, मुलाच्या शाळेपासून किती लांब पडेल ते आधी सांगता येत नाही. ली नदीवर आणि रीजंट्स कालव्यावर बोटींची इतकी दाटी असते की दोन-दोन, तीन-तीन बोटी एकमेकींना लागून बांधलेल्या दिसतात. पाण्याची टाकी भरायला नळाशी रांग. शौचालयाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) स्वतः वाहून नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. हिवाळ्यात कोळसा आणि डिझेल. नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी लॉक बंद होतात, त्यांचं वेळापत्रक पाहून आधीच योग्य बाजूला पोचावं लागतं, नाहीतर अडकलात.

पत्त्याचा प्रश्न वेगळा. बँक, व्हिसा देणारी कंपनी, विद्यापीठ सगळे पत्ता मागतात. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण बाकी ठिकाणी विश्वासातल्या कोणाचा तरी पत्ता लागतो. एजंट 'रेसिडेन्शियल मूरिंग' म्हणाला तर नगरपालिकेची राहण्यासाठीची परवानगी दाखव म्हणा. पुष्कळ जागा फक्त हौशी वापरासाठी असतात.

हे सगळं समजून आनंदाने राहणारी माणसं आहेत, त्यांना शेजार मिळतो, मदतीला हात मिळतात, सकाळी खिडकीशी बदकं येतात. ते आयुष्य हवं म्हणून या. फक्त भाडं वाचवायचं असेल तर पहिला हिवाळा फार जड जातो.

रुंद बोट घ्यावी की अरुंद?

परवान्याच्या रकमेतला फरक सोडा, फिरण्याच्या मोकळेपणातला फरक बघा. मिडलँड्समधले बरेच लॉक सात फुटांचेच आहेत. वाइडबीम, म्हणजे रुंद बोट, तिथे शिरूच शकत नाही. दक्षिणेतले रुंद कालवे आणि उत्तरेतले रुंद कालवे यांना जोडणारा रुंद मार्ग आतून नाही, मध्ये बोट क्रेनने ट्रकवर चढवून न्यावी लागते. लांबीचंही तसंच. ५७ फुटांची नॅरोबोट जवळजवळ सगळीकडे जाते, कारण उत्तरेत काल्डर अँड हेबलसारख्या मार्गांवरचे लॉक त्याच मापाचे आहेत. घर म्हणून रुंद बोट सुखाची, प्रवासाला अरुंद.

पैसे कसे भरायचे?

ट्रस्टच्या संकेतस्थळावर खातं उघडून कार्डाने एकरकमी, किंवा बँकेतून डायरेक्ट डेबिटने हप्त्यांत. फोनवरूनही होतं. मुदत संपण्याआधी सूचना येते. मात्र ती जुन्या ईमेलवर जात नाही ना, हे बघा. उशीर झाला की जादा आकार लागतो. विमा किंवा सुरक्षेचं प्रमाणपत्र मधल्या काळात संपलं असेल तर नूतनीकरण अडतं, म्हणून तिन्ही तारखा एकाच कागदावर लिहून इंजिनरूमच्या दाराला चिकटवा.

परवाना मिळाला की तो आणि बोटीचा नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना दिसेल असा लावायचा.

पैसे खरंच भरता येत नसतील तर?

गप्प बसू नका, हे पहिलं. परवाना नसलेली बोट १९८३ च्या कायद्याच्या कलम ८ खाली पाण्यातून हलवता येते, आणि ती कोणाचं घर असेल तर प्रकरण न्यायालयात जातं. तिथवर पोचण्याआधी पुष्कळ पत्रं येतात. ती न उघडता ठेवणाऱ्यांचीच बोट जाते. ट्रस्टकडे कल्याण अधिकारी आहेत, हप्ते बांधून मिळतात. बोटीवर कायम राहणाऱ्याला पात्रता असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीच्या घरखर्चात परवान्याची रक्कम धरली जाऊ शकते. काठाने फिरणारे वॉटरवेज चॅपलेन (चर्चशी जोडलेले स्वयंसेवक) धर्म न विचारता मदत करतात, अर्ज भरायला बसतात, कार्यालयात सोबत येतात.

एवढे पैसे जातात कुठे?

हा प्रश्न थोड्या रागाने विचारला जातो, म्हणून नीट सांगतो.

नॅरोबोटीचा एक लॉक भरायला लाखभर लिटर पाणी लागतं. ते डोंगरावरच्या जलाशयांतून येतं, आणि त्यातले बरेच दोनशे वर्षांच्या आसपासचे आहेत. १ ऑगस्ट २०१९ ला टॉडब्रुक धरणाच्या सांडव्याचा भाग खचला. खालचं व्हेली ब्रिज गाव रिकामं करावं लागलं, सुमारे दीड हजार माणसं घराबाहेर पडली, आणि हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने दगड-खडीच्या गोण्या टाकून भगदाड बुजवलं गेलं. त्या एका धरणाच्या दुरुस्तीला कित्येक वर्षं लागली. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावी लीड्स अँड लिव्हरपूलसह अनेक कालव्यांचे लांबच लांब पट्टे बंद ठेवावे लागले.

बोटवाल्यांच्या पैशांत हे सगळं भागत नाही. सरकारी अनुदान लागतंच, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने सांगितलं की २०२७ पासून दहा वर्षांत मिळून ४० कोटी पौंड मिळतील आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी घटत जातील. परवाने महागण्याचं खरं मूळ तिथे आहे. वेल्समधल्या पाँटकसिल्टे पुलावरून, १८०५ मध्ये अभियंता टेलफर्डने बांधलेल्या त्या लोखंडी कुंडातून, जमिनीपासून ३८ मीटर उंचीवरून बोट नेताना एका बाजूला कठडाच नसतो आणि खाली डी नदी वाहत असते. ते चालू ठेवायला कोणीतरी बोल्ट तपासतो, गळती शोधतो. त्याचा पगार कमी पडू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याच्यासाठी फक्त बोटवाल्यांनी नव्हे, काठाने चालणाऱ्या, सायकल फिरवणाऱ्या सगळ्या देशानेच पैसे द्यावेत असंही वाटतं.

पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. आठवडाभर बोटीवर राहायचंय. परवाना काढू का?

नाही. भाड्याची बोट घ्या. परवाना, विमा, तपासणी सगळं कंपनीचं असतं, निघण्याआधी अर्धा-एक तास शिकवतात. ज्येष्ठांसाठी लॉक कमी असलेला मार्ग निवडा.

कयाक किंवा पॅडलबोर्डला?

त्यांनाही लागतो. वेगळा काढण्यापेक्षा पॅडल यूके या वल्हवणाऱ्यांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या, त्यात ट्रस्टच्या आणि एजन्सीच्या बहुतेक पाण्याचा परवाना येतो.

माझी बोट सुट्टीत मित्रांना भाड्याने दिली तर?

खासगी परवान्यावर पैसे घेऊन देता येत नाही, खोली म्हणून ऑनलाइन टाकणं तर नाहीच. त्यासाठी व्यवसायाचा परवाना, वेगळा विमा आणि कडक सुरक्षा तपासणी लागते. मित्राला फुकट दिली तरी विमा कंपनीला आधी विचारा.

नियम लवकरच बदलणार आहेत म्हणे?

परवान्याच्या सगळ्या चौकटीचा फेरविचार करण्यासाठी ट्रस्टने २०२४ च्या अखेरीस एक स्वतंत्र आयोग नेमण्याचं जाहीर केलं. पण १९९५ चा कायदा बदलायचा तर संसदेत जावं लागेल. तोपर्यंत वर लिहिलेल्या अटीच चालू आहेत. बोट घेणं त्यासाठी लांबवू नका.

जुनी बोट घेतली, तिचा परवाना अजून चालू आहे. तो माझ्या नावावर होतो का?

होत नाही. परवाना बोटीसाठी असला तरी तो जुन्या मालकाच्या नावाचा असतो आणि त्याच्याबरोबरच जातो. विकणाऱ्याने तो परत केला तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला मिळू शकतात, तुम्हाला मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्या नावाचा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी विमा ठरवा, सुरक्षेचं प्रमाणपत्र कधी संपतं ते पाहा, बोट कुठे ठेवणार ते नक्की करा, आणि व्यवहार झाला त्याच दिवशी अर्ज टाका. ट्रस्टकडची नोंद हा मालकीचा पुरावा नाही. विक्रीची सही केलेली पावती, आधीच्या मालकांच्या पावत्यांची साखळी आणि बोटीवर कर्ज नसल्याचं लेखी पत्र मागून घ्या. ही कागदपत्रं द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर बोट कितीही आवडली तरी सोडून द्या.